स्तुतीच्या रकान्यातलं बीळ

एका जंगलात, बाळांनो, झाडं होती, नदी होती, वाघ होता, आणि एक दिवस वेबसाइटही आली. कुठलं जंगल ते विचारू नका. तुमच्या घराजवळचं नाही, एवढं सांगतो. तुमच्या घराजवळ जंगल कुठे उरलंय?

वेबसाइट यायच्या आधी काय व्हायचं, ते ऐका. कोणाला तक्रार असली की तो वाघमहाराजांच्या गुहेसमोर जाऊन उभा राहायचा आणि तोंडी सांगायचा. महाराज शांतपणे ऐकून घ्यायचे. मग तक्रार निकालात निघायची. बहुतेक वेळा तक्रार करणाराही निघायचा. या पद्धतीत कागद साठत नसत, हा मोठाच फायदा. पण पुढेपुढे तक्रारी येईनाशा झाल्या. महाराजांना वाटलं, प्रजा सुखी झाली. प्रधानाला वाटलं, प्रजा संपत आली.

प्रधान होता तरस. त्याला हसायची खोड होती. कोणाचं लग्न असो, कोणाला खोकला होवो, हा आपला खी खी करणार. अशा माणसाला, म्हणजे तरसाला, राजाच्या शेजारी फार बढती मिळते.

"महाराज, खी खी, आता सगळं ऑनलाइन करू," तरस म्हणाला. "प्रजेने लिहायचं, आपण वाचायचं. कोणाला यायला नको, कोणाला जायला नको."

"आणि मी खायचं काय?" महाराजांनी विचारलं.

"ते ऑफलाइन चालूच राहील, महाराज."

महाराज खूश झाले.

साइट करायचं काम मिळालं वानराला. वानर हुशार होता, पण त्याला एका जागी बसवत नसे. या फांदीवरून त्या फांदीवर, त्या फांदीवरून वेलीवर. जेवताना देखील तो तीन झाडं बदलायचा. आता ज्याला बसवत नाही त्याने केलेली साइट कशी असेल, ते तुमचं तुम्हीच ओळखा. नाही ओळखता आलं? असू दे. पुढे कळेल.

नदीकाठी जुना उंबर होता. त्याच्या ढोलीत वानराने स्क्रीन बसवला. खाली, मुळांवर, कीबोर्ड ठेवला. स्क्रीनवर चार चौकोन होते. पहिला, महाराजांची स्तुती. दुसरा, नाव. तिसरा, पत्ता. चौथा, हरकत किंवा तक्रार. पहिल्या चौकोनाशेजारी लाल चांदणी होती. चांदणी म्हणजे तो चौकोन भरल्याशिवाय अर्ज जाणार नाही. बाकीचे भरा, नका भरू.

आणि स्क्रीनवर एक बारीक उभी काडी लुकलुकायची. शिकलेले लोक तिला कर्सर म्हणतात. जंगलात तिला काडीच म्हणत. काडी ज्या चौकोनात, अक्षरं त्या चौकोनात. तुमचे डोळे कुठे आहेत याच्याशी काडीला देणंघेणं नसतं. तुमचं मन कुठे आहे याच्याशी तर नसतंच नसतं.

हसताय काय? परवा नावाच्या चौकोनात पासवर्ड कोणी लिहिला? मोठ्ठ्या अक्षरांत उमटला आणि सगळ्या घराने वाचला. तिथेही काडीनेच घात केला होता. तुम्ही मान खाली घालून बडवत बसलात.

तर तरसाने वानराला सांगितलं, "पान उघडलं की काडी आपोआप स्तुतीच्या चौकोनात जाऊन बसली पाहिजे. आधी स्तुती, मग बाकीचं."

"बसेल," वानर म्हणाला.

"आणि कोणी लिहिता लिहिता थांबला, की काडीने परत स्तुतीत उडी मारायची."

"उडी?" वानराचे डोळे चमकले. "किती वेळा?"

"जितक्या वेळा थांबेल तितक्या वेळा."

"पण प्रधानजी, एखादा नुसताच विचार करायला थांबला असेल तर?"

"विचार करायला थांबणाऱ्याच्या डोक्यात काय येतं, ते मला चांगलं ठाऊक आहे," तरस म्हणाला. "म्हणूनच परत स्तुतीत. खी खी."

वानराने आठ दिवस खपून काडीला उड्या शिकवल्या. इतक्या सुंदर उड्या मारायची ती काडी, की वानर स्वतःच तासन्‌तास बघत बसायचा. म्हणजे बसायचा नाही, लटकायचा.

आता या उंबरापासून थोड्याच अंतरावर पळसाचा उतार होता. उतारावर एक वारूळ होतं. वारुळाच्या उजव्या हाताला एक चपटा दगड होता. दगडाखाली एक बीळ होतं, आणि त्या बिळात तानूबाई चिचुंद्री राहायची.

तानूबाईला फारसं दिसत नसे. चिचुंद्र्यांना दिसतच नाही. त्यांचं सगळं नाकावर चालतं. नाक लांब, टोकदार, सारखं हलतं. तिच्या अंगाला वासही यायचा. वास म्हणजे, बाळांनो, असा की रांगेत तिच्या पुढचा लवकर आटपायचा आणि मागचा उद्या येतो म्हणायचा. त्यामुळे तिला कुठेही ऐसपैस जागा मिळायची. तिला खाऊन बघायची हौस कोणालाच नव्हती. गरिबाला देव काहीतरी देतोच.

त्या दिवसांत तानूबाईला सात पोरं झाली होती. एकेक पोर शेंगदाण्याएवढं.

चिचुंद्रीला घर बदलायचं असलं की ती कसं करते, माहीत आहे? पहिलं पोर आईच्या शेपटीशी दातांनी धरतं. दुसरं पहिल्याला, तिसरं दुसऱ्याला. अशी सगळी माळ लागली की आई पुढे चालायला लागते आणि पोरं मागून खुडखुड खुडखुड येतात. एकही हरवत नाही. पण त्यासाठी पोरांना दात यावे लागतात. तानूबाईच्या पोरांना अजून दातच आले नव्हते. आणखी दहा दिवस तरी लागणार होते.

आणि नेमकी त्याच वेळी टिटवी ओरडत आली.

"ऐका हो ऐका! पळसाच्या उतारावर महाराजांचा खाजगी तलाव होणार! सहाव्या दिवशी रानडुकरं खणायला येणार! कोणाची हरकत असेल त्याने चार दिवसांत ऑनलाइन नोंदवावी! तोंडी हरकत घेतल्यास हरकत घेणाऱ्याला आत घेतलं जाईल!"

कशाच्या आत, ते टिटवीने सांगितलं नाही. सगळ्यांना कळलं.

तानूबाई बिळाकडे धावली. तिने बिळात जाऊन पोरं मोजली. सात. परत मोजली. सातच. एकेकाला तोंडात धरून न्यायचं म्हटलं तर सात खेपा. एका खेपेला गेलं की उरलेल्या सहांजवळ कोण? आणि नवीन घर तरी कुठे तयार होतं?

वरच्या अंगाला, तीस पावलांवर, साळिंदरमास्तर राहायचे. त्यांचं बीळही तलावात जाणार होतं. मास्तर विद्वान. अंगावर इतके काटे, पण बोलणं त्याहून टोकदार.

"मास्तर, आता हो कसं?" तानूबाई रडवेली होऊन म्हणाली.

"रडू नका. फॉर्म भरा," मास्तर म्हणाले. "आपलं राज्य नियमाने चालतं. योग्य गोष्ट योग्य रकान्यात लिहिली की न्याय मिळतो. मी मजकूर तयार ठेवलाय. मुद्दे अकरा, पोटमुद्दे वेगळे. चला."

उंबरापाशी आधी मास्तर बसले. ते थांबतच नव्हते. सगळं पाठ करून आले होते. पहिल्या चौकोनात लिहिलं, 'आपण सूर्य आहात.' खट्‌कन टॅबची कळ दाबली. काडी दुसऱ्या चौकोनात. नाव. खट्‌. पत्ता. खट्‌. हरकत, मुद्दा एक ते अकरा, पोटमुद्द्यांसह. श्वास न घेता. काडीला उडी मारायला फटच सापडली नाही. वर लटकलेला वानर हिरमुसला.

"बघा, असं असतं," मास्तर उठत म्हणाले. "आधी काडी कुठे आहे ते बघायचं, मग लिहायचं. मी मागे उभा राहतो हवं तर." आणि मग त्यांना वास आला आणि ते म्हणाले, "जरा लांब उभा राहतो."

तानूबाई कीबोर्डवर चढली. तिची बोटं कळांना पुरत नव्हती, म्हणून ती नाकाने लिहायची. एक अक्षर, एक नाक. आता नाक कळेवर असलं की डोळे कुठे असणार? तेही कळेवर. स्क्रीन वर, उंच. तिथलं तिला तसंही धुकंच दिसायचं.

"वानरभाऊ," तिने विचारलं, "आधी नावच ना?"

वानर उलटा लटकून काडीकडे बघत होता. "हो हो, लिहा तुम्ही. झालं की ही टॅबची कळ दाबायची. काडी आपोआप जाते. फार गोड जाते."

काडी तेव्हा कुठे होती? बरोबर. स्तुतीत.

तानूबाईने नाव लिहिलं. ते स्तुतीत गेलं. तिने टॅब दाबली. काडी नावाच्या चौकोनात गेली. पण सोळा अक्षरं नाकाने लिहिली की नाक ओलं होतं. तानूबाई नाक पुसायला थांबली. काडीने तेवढ्यात टुण्णकन उडी मारली आणि परत स्तुतीत जाऊन बसली.

"वा!" वानर म्हणाला.

"काय झालं?" तानूबाईने विचारलं.

"काही नाही. चालू द्या."

तिने पत्ता लिहिला. स्तुतीत. टॅब दाबली. नाक पुसलं. टुण्ण. तिने हरकत लिहायला घेतली. हरकत लिहिताना पोरं आठवली, म्हणून मधे मधे नाक जास्तच पुसावं लागलं. प्रत्येक वेळी टुण्ण. अर्थात तोवर काडी स्तुतीतच होती, त्यामुळे ती जागच्या जागी उड्या मारत होती. वानराला तर ते जास्तच आवडलं.

शेवटी तिने पाठवायची कळ दाबली. लाल चांदणीचा चौकोन काठोकाठ भरला होता. बाकीचे तीन रिकामे. अर्ज सुळकन गेला. स्क्रीनवर अक्षरं आली आणि लांब उभ्या असलेल्या मास्तरांनी ती मोठ्याने वाचली.

"'आपली स्तुती महाराजांच्या चरणी पोचली आहे. वाढदिवसाच्या दरबारी ती जाहीर वाचली जाईल. हजर राहावे.'" मास्तरांनी चष्मा नसताना चष्मा काढल्यासारखं केलं. "अहो तानूबाई! तुम्ही स्तुती केलीत?"

"मी? मी तर शिव्याच घातल्या थोड्याशा."

"त्या सगळ्या स्तुतीच्या रकान्यात गेल्या! हरकत कोरी! अरे देवा! मी काय सांगितलं होतं? काडी बघा, काडी बघा!"

तानूबाईने घाईघाईने नाक वर केलं. "वानरभाऊ, ते परत काढता येईल का हो? मी पुन्हा लिहिते. या वेळी नाक पुसणार नाही."

"एका जनावराला एकच अर्ज," वानर म्हणाला. त्यालाही जरा वाईट वाटलं असावं, कारण तो क्षणभर एकाच फांदीवर राहिला. "पण बाई, उड्या काय मारल्या तुमच्या काडीने!"

त्यानंतरचे दिवस तानूबाईने कसे काढले, तिचं तिलाच माहीत. ती पोरांचे जबडे उघडून उघडून बघायची. दात आले का? नाही. सकाळी बघितलं, संध्याकाळी बघितलं. बघून दात येत असते तर तुमच्या आजोबांना कवळी लागली नसती.

शिवाय दरबाराची धास्ती वेगळीच. सगळ्या जंगलासमोर ते वाचलं जाणार. महाराज तिला खाणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण पंजा ठेवतील. नुसता ठेवला तरी पुरे. आणि मग पोरांकडे कोण बघणार?

वाढदिवस उजाडला. हजर राहा म्हणजे राहायलाच हवं. तानूबाई गेली आणि सगळ्यांत मागे जाऊन बसली. तिच्या आजूबाजूला लगेच मोकळं मैदान झालं, त्यामुळे ती सगळ्यांनाच स्पष्ट दिसायला लागली. लपायचं म्हटलं तरी नशीब लागतं.

तरस स्तुत्या वाचायला उभा राहिला.

"'आपण सूर्य आहात.' खी खी. सशाकडून."

"'आपण सूर्य आहात.' घोरपडीकडून."

"'आपण सूर्य आहात, आणि रात्री चंद्र आहात.' कोल्ह्याकडून."

एकशे बारा सूर्य झाले. महाराज तिसाव्या सूर्यालाच झोपले होते. त्यांचं घोरणं सुरू झालं. पानं हलत होती. तरसही आता न बघताच वाचत होता. सवयीने जीभ चालली होती, मन जेवणाकडे गेलं होतं.

"'तानूबाई चिचुंद्री,'" त्याने वाचलं. "'पळसाचा उतार वारुळाच्या उजव्या हाताला चपट्या दगडाखाली महाराज तुम्ही दुपारी जेवून घोरता तेव्हा माझ्या बिळाचं छप्पर हलतं माती पडते पोरं दचकून उठतात तरी मी कधी बोलले नाही...'"

इथे तरसाला कळलं की आपण काय वाचतोय. तो थांबला. पण दरबार इतका गप्प झाला होता, की त्या गप्पपणानेच महाराज जागे झाले.

"थांबलास का?" महाराज म्हणाले. "वाच पुढे."

आयुष्यात पहिल्यांदाच तरसाला हसू येईना.

"'...पण आता तुम्ही छप्परच काढायला निघालात माझी सात पोरं आहेत त्यांना अजून शेपटी धरायला दात नाहीत दहा दिवस थांबा थांबायचं नसेल तर स्वतः या आणि एकेकाला तोंडात धरून न्या पण चावू नका.'"

तानूबाईने डोळे मिटून घेतले. तसेही ते उघडे असून काय उपयोग होता!

महाराजांचा पंजा हळूच स्वतःच्या मानेकडे गेला. मागच्या बाजूला, जिथे आई धरते तिथे. तिथे त्यांनी जरासं खाजवलं. मग ते भानावर आले.

"प्रधान, ही कुठल्या रकान्यातली?"

तरस पेचात पडला. स्तुतीच्या रकान्यात फक्त स्तुतीच येते, असं त्यानेच महाराजांना शपथेवर सांगितलं होतं. आता ही स्तुती नाही म्हणावं तर मान त्याचीच होती.

"स्तुतीच्याच, महाराज," तो म्हणाला. "नव्या पद्धतीची आहे. खी... खी."

"मलाही तसंच वाटलं," महाराज म्हणाले. "काय ते, छप्पर हलतं? माझ्या घोरण्याने?"

"असं म्हणते ती."

"गुहेपासून पळसाच्या उतारापर्यंत?" महाराज उठून बसले. मिशा फुलल्या. "कोण ती? पुढे या."

तानूबाई पुढे आली. पुढच्या तीन रांगा मागे सरकल्या.

"खरंच हलतं?"

"हलतं की, महाराज," तानूबाई म्हणाली. आता मरायचंच आहे तर खोटं कशाला बोलायचं, असं तिला वाटलं. "परवा तर ढेकूळ पडलं डोक्यात. एवढं."

"एवढं!" महाराजांनी दरबाराकडे पाहिलं. "ऐकलंत? सूर्य, सूर्य काय लावलंय मघापासून? सूर्याच्या घोरण्याने कोणाचं छप्पर हललंय कधी? हिला म्हणतात स्तुती. नाव, गाव, पत्ता आणि पुरावा."

"वा, महाराज!" सगळे म्हणाले.

"ते बीळ तिथेच राहील," महाराज म्हणाले. "ते गेलं तर हलायचं कशाने? प्रधान, तलाव तीस पावलं वर सरकव. तिथे कोणाची हरकत आहे का?"

"कोणाचीच नाही, महाराज. वाचलेल्या अर्जांत तसं काही नाही."

मागून काटे खडखडले. साळिंदरमास्तर उभे राहिले.

"महाराज, माझी हरकत आहे. रीतसर नोंदवलीय. चौथ्या रकान्यात. मुद्दे अकरा."

तरसाने वर बघितलं. "वानरा, चौथा रकाना कुठे येतो?"

वानर एका फांदीवरून दुसरीवर गेला. मग तिसरीवर. "चौथा ना? तो... तो जोडायचा राहिला, प्रधानजी. सगळे दिवस काडीच्या उड्यांतच गेले."

"म्हणजे त्यात लिहिलेलं कुठे जातं?" मास्तरांनी विचारलं.

"जातं," वानर म्हणाला. "नीट जातं. पण पोचत नाही."

महाराज त्या दिवशी खुशीत होते. "बरं, तुलाही संधी देतो. चार दिवसांत पुन्हा अर्ज कर. बाईंसारखा झकास कर. एका जनावराला एक अर्ज हा नियम तुझ्यापुरता उठवला."

आता बघा. तुम्ही मास्तरांच्या जागी असता तर काय केलं असतं? तेच. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. पण मास्तर पहिलीत नव्हते. मास्तर फार पुढे गेलेले होते.

तानूबाईला मात्र चैन पडेना. स्वतःचं वाचलं आणि शेजाऱ्याचं बुडालं, हे तिला डाचत होतं. ती मास्तरांकडे गेली.

"मास्तर, तुम्ही तोंडाने सांगा, मी नाकाने लिहिते. माझं नाक बरोबर तिथेच जातं."

"पण ते चूक आहे, तानूबाई."

"असू दे की. घर राहील."

मास्तर कसेबसे तयार झाले. दोघं उंबरापाशी आली. वानर आनंदाने जवळच्या फांदीवर सरसावून लटकला. मास्तर या खेपेला जवळ उभे राहिले. वास आला तरी उभे राहिले. गरज पडली की नाकही ऐकतं.

"सांगा," तानूबाई म्हणाली.

"नाव, साळिंदरमास्तर."

टक टक टक. नाव स्तुतीत उमटलं. मास्तरांच्या मानेवरचे काटे उभे राहिले.

"टॅब दाबली. आता जरा नाक पुसते."

टुण्ण.

"तानूबाई, ती परत गेली!"

"जाऊ द्या. पत्ता सांगा."

त्यांनी पत्ता सांगितला. तो नावाला चिकटून उमटला. मधे स्वल्पविरामसुद्धा नाही. मास्तरांच्या पाठीवरचे काटे उभे राहिले.

"अहो, वर 'महाराजांची स्तुती' असं लिहिलंय. आणि खाली माझा पत्ता!"

"तुम्ही तिकडे बघू नका. पुढचं सांगा. महाराजांचं घोरणं तुमच्याकडेही ऐकू येतं ना?"

"येतं. एकदा माझे तीन काटे गळाले त्याने."

"अगं बाई! हे तर माझ्यापेक्षाही झकास आहे!" तानूबाई भराभर नाक आपटायला लागली. तीन काटे, घोरणं, बीळ, सगळं स्तुतीच्या चौकोनात ओळीने जाऊन बसलं. फक्त शेवटचा शब्द राहिला होता. तो झाला की पाठवायची कळ.

मास्तर स्क्रीनकडे बघत होते. बघू नका म्हटलं तरी बघत होते. नाव, पत्ता, हरकत, सगळी खिचडी एका रकान्यात. बाजूला तीन स्वच्छ, कोरे, चौकोनी रकाने त्यांच्याकडे आशेने पाहत होते. मास्तरांच्या शेपटीपर्यंतचे काटे उभे राहिले.

"नाही!" ते ओरडले. "मला हे बघवत नाही!"

त्यांनी तानूबाईला अलगद बाजूला केलं. सगळं पुसलं. पहिल्या रकान्यात लिहिलं, 'आपण सूर्य आहात.' खट्‌. नाव. खट्‌. पत्ता. खट्‌. हरकत. या वेळी मुद्दे बारा. बारावा मुद्दा होता, चौथा रकाना जोडावा.

आणि पाठवून दिलं.

"मास्तर, हे हो काय केलंत?" तानूबाई म्हणाली.

"बघा तरी किती नीट दिसतंय," मास्तर म्हणाले. त्यांचे काटे शांतपणे आडवे झाले.

पाचव्या दिवशी रानडुकरं आली. तीस पावलं वर खणायला लागली. कोणाची हरकत नव्हती.

त्याच दिवशी तानूबाईने पोरांचे जबडे उघडून बघितले. पांढरे टिंब टिंब दात. सातही जणांना. आता खरं तर घर सोडायची गरज उरली नव्हती, पण दात आलेत तर वापरून बघू म्हणून तिने माळ लावली आणि पोरांना उतारावरून फिरवून आणलं. वर मास्तर आपल्या बिळापुढे उभे होते. बीळ नव्हतं. पाणी भरत होतं.

तानूबाई थांबली. मागची सातही एकमेकांवर आपटली.

"चला, मास्तर," ती म्हणाली. "मागून या. शेवटच्याच्या शेपटीला धरा म्हटलं असतं, पण तुम्ही आपले नुसते या."

अशी ती माळ उतारावरून खाली आली. पुढे चिचुंद्री, मागे सात शेंगदाणे, आणि सगळ्यांत शेवटी एक विद्वान साळिंदर.

तेव्हापासून मास्तर चपट्या दगडाखालीच, दाराशी, काटे आवळून राहतात. महाराज दुपारी नव्या तलावात बसून घोरतात. तलाव गुहेपेक्षा जवळ, त्यामुळे छप्पर चांगलंच हलतं. मास्तरांचे काटे पोरांना टोचतात, पोरं चिरकतात. रोज संध्याकाळी महाराजांकडून टिटवी विचारायला येते.

"हललं का?"

"हललं म्हणावं," तानूबाई आतून ओरडते.

आणि मास्तर डोक्यावरची माती झटकत मनातल्या मनात तेरावा मुद्दा तयार करतात. कुठल्या रकान्यात लिहायचा, ते त्यांचं आधीच ठरलेलं आहे.

तात्पर्य : फॉर्म भरताना काडी कुठल्या रकान्यात आहे याकडे बारीक लक्ष ठेवावं, मधे थांबू नये, नाक पुसू नये. असं करणाऱ्याचा अर्ज अगदी बिनचूक जातो. कुठे जातो, ते मात्र विचारू नये.